ज्वारीवरील तुडतुडा

ज्वारीच्या पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) राहून रस शोषणारा तीन ते चार मिलिमीटर लांबीचा कीटक. शास्त्रीय नाव पेरेग्रिनस मेडिस, कुळ डेल्फॅसिडी. अ‍ॅशमीड या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १८९० मध्ये मक्यावरील नमुन्यांवरून त्याचे प्रथम वर्णन केले. आज तो उष्ण कटिबंधात जवळजवळ सर्वत्र ज्वारी आणि मक्यावर आढळतो. भातावरचा तपकिरी तुडतुडा याच कुळातला.

सोलापूर जिल्ह्यात तो मुख्यतः रब्बी ज्वारीवर येतो. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी, करमाळा भागातील काळ्या जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी ही ज्वारीची जात ओलिताशिवाय, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. रोप पोंग्यात असल्यापासून पोटरीपर्यंत (कणीस पानाच्या वेष्टनात असेपर्यंत) हा कीटक तिच्यावर राहू शकतो. पाने चिकट झाली, ऊन पडताच चमकू लागली, की शेतकरी ‘चिकटा पडला’ म्हणतात. पण चिकटा हे केवळ लक्षण आहे. तो मावा ही रस शोषणारी दुसरी कीडही पाडते आणि तुडतुडाही. म्हणून चिकट पान पाहून थांबू नये, पोंगा उलगडून आत पाहावे.

आत सापडणाऱ्या किडीची पहिली परीक्षा हालचालीची. माव्याला काडी लावली तरी तो बहुधा जागीच चिकटून राहतो. तुडतुडा तिरका सरकतो, पानामागे लपतो किंवा उडी मारतो. मक्यावरील निळसर हिरवा मावाही पोंग्यातच वस्ती करतो, म्हणून नुसत्या जागेवरून निदान करू नये. माव्याच्या पाठीवर मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या असतात, तुडतुड्याला त्या नसतात. साखऱ्या या बुरशीजन्य रोगातही चिकट थेंब गळतात, मात्र ते फुलोऱ्यातल्या कणसावर असतात आणि तिथे कीटक नसतो.

खरी खूण मागच्या पायावर असते. साध्या दहापट भिंगाखाली नडगीच्या टोकाशी एक मोठा, सांध्यावर हलणारा, पात्यासारखा काटा दिसतो. तो दिसला की कीटक डेल्फॅसिडी कुळाचा, यात शंका उरत नाही. कपाशीवर किंवा आंब्यावर आढळणारे तुडतुडे वेगळ्या कुळाचे. त्यांच्या पायावर असा हलता काटा नसतो. मिशाही पाहाव्यात. डेल्फॅसिडी कुळात त्या डोळ्यांच्या खालून निघतात, बुडाशी जाड असतात आणि शेवटी केसासारख्या बारीक होतात. इतके झाल्यावर रंग बघावा: अंग पिवळसर तपकिरी, पुढचे पंख पारदर्शक आणि त्यांच्या टोकाकडे गडद तपकिरी डाग. पुष्कळ माहितीपत्रके रंगापासून सुरुवात करतात. तो क्रम उलटा आहे, कारण रंग वयाप्रमाणे बदलतो.

पंखांनीही फसगत होते. याच जातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन प्रकारचे प्रौढ असतात. आखूड पंखांची मादी पिल्लासारखी दिसते, पण तिच्या पोटाखाली अंडी घालण्याची सुरीसारखी नळी असते. पोंग्यात गर्दी वाढली किंवा झाड सुकू लागले, की लांब पंखांचे प्रौढ अधिक निपजतात आणि दुसऱ्या शेताकडे उडतात. जातीची पक्की खात्री मात्र नराच्या जननांगांवरूनच होते. त्यासाठी नमुने सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून कीटकशास्त्रज्ञाकडे द्यावे लागतात.

मादी पानाच्या मधल्या शिरेला चीर पाडून आत अंडी घालते आणि वर पांढरा मेणासारखा थर देते. कीटक उडून गेले तरी शिरेवरचे हे पांढरे ठिपके सापडतात. मावा थेट पिल्लेच जन्माला घालतो, त्यामुळे हा पुरावा तुडतुड्याकडेच बोट दाखवतो. पिल्ले पाच अवस्थांतून वाढतात. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंत सुमारे महिना पुरतो. गोड स्रावासाठी मुंग्या येतात, नंतर त्यावर काळी बुरशी चढते आणि कडब्याची प्रत घसरते.

प्रादुर्भाव जास्त असेल तर पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते, कणीस पोटरीतच अडकते. त्याहून गंभीर भाग विषाणूंचा. मक्याचा पट्टेरी विषाणू हाच तुडतुडा पसरवतो आणि त्याचा ज्वारीवरील प्रकार भारतात आढळतो. पानाच्या बुडापासून शिरांच्या समांतर फिकट पिवळे पट्टे निघतात, झाड ठेंगणे राहते, लवकर लागण झाली तर कणीस येतच नाही. विषाणू कीटकाच्या शरीरात वाढतो आणि मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीतही जातो. त्यामुळे संख्या थोडी असली तरी हा कीटक दुर्लक्षण्याजोगा नाही. माव्याप्रमाणे संख्येवरून नुकसान जोखण्याचा हिशेब इथे लागू पडत नाही.

शेजारच्या उसावर पायरिला, म्हणजे पाकोळी, असते. तिच्याशी गल्लत होण्याचे कारण नाही: ती वाळलेल्या गवताच्या रंगाची, तुडतुड्याच्या दुपटीहून मोठी, चोचीसारखे डोके पुढे काढलेली, आणि तिच्या पिल्लांना मागे दोन लांब पिसांसारख्या शेपट्या असतात.