प्याऊवरची नावं

एप्रिल लागला की नागपुरात चौकाचौकांत प्याऊ, म्हणजे पाणपोया, लागतात. लाल ओलं कापड गुंडाळलेले माठ, साखळीला अडकवलेला स्टीलचा पेला, मागे फ्लेक्स. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवरचे चेहरे एकदा मोजले: अकरा. माठ तीन. मतदान आटोपलं आणि ऐन मेमध्ये माठ कोरडे पडले, फ्लेक्स तेवढा टिकला.

सेवेत आता स्वार्थ शिरला, असं म्हणायची पद्धत आहे. शिरला कसला, तो पहिल्यापासून घरातच होता. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले, पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. त्यांना ख्रिस्ताचा निरोप पोचवायचा होता. पोरं धाडणाऱ्या घरांचा डोळा इंग्रजीवर. शाळा चालली. एम्प्रेस मिल या कापड गिरणीचं तर नावच बोलकं: 1 जानेवारी 1877, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. पुढे 1886 मध्ये तिथे पेन्शन फंड आला. कामगारांविषयी कळवळा होताच, पण त्यांच्या खाड्यांनी गिरणी बेजार व्हायची, हेही खरं.

हेतूंची चिरफाड करणारे बहुधा लांब उभे असतात. जाईबाई चौधरी नागपूर-कामठी डोक्यावरून ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी बहिष्कार घातला, नोकरी गेली. त्या मिशनरी बाईंना काय साधायचं होतं, याचा काथ्याकूट करायला जाईबाईंना सवड कुठली? त्यांनी मुलींसाठी स्वतःचीच शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावाने. त्यात सेवा किती, संताप किती? मला विचाराल तर संतापच जास्त असावा, आणि त्यात वावगं काही नाही.

नागपुरात वकिली शिकलेल्या बाबा आमट्यांनी मात्र स्वतःच सांगून टाकलं. वरोऱ्याला भर पावसात, गटारीच्या कडेला कुष्ठाने झडलेला तुळशीराम दिसला आणि ते घाबरून पळाले. नंतर परतले, त्याच्यावर बांबूचा आडोसा केला, शेवटपर्यंत त्याचं केलं. हे काम आपण कुणाला मदत करायला नव्हे, आपली भीती घालवायला हाती घेतलं, असं ते पुढे सांगत. आधी पळालो होतो, हेही लपवत नसत.