मधल्या किमतीची आइस हॉकी स्टिक कशी पारखावी

स्टिक हातात घेतली की बहुतेक जण आधी वजन बघतात. महागड्या स्टिक साधारण ३७० ते ४०० ग्रॅमच्या असतात. मधल्या किमतीच्या स्टिकमध्ये कार्बन फायबरच्या जोडीला फायबरग्लास जास्त वापरलेलं असतं, म्हणून ती पन्नासएक ग्रॅमने जड भरते. एवढ्या फरकाने कुणाचा खेळ अडत नाही. तो भार कुठे आहे, हे मात्र नीट बघा. हातमोजे घालून स्टिक खेळताना धरता तशी धरा आणि ब्लेड, म्हणजे खालचं पातं, झपाझप डावी-उजवीकडे फिरवा. मनगटाला खाली ओढ लागत असेल तर भार ब्लेडमध्ये आहे. अशी स्टिक पक (खेळातली रबरी चकती) हाताळताना लवकर दमवते, मग तिचं एकूण वजन कमी का असेना.

खरी पारख फ्लेक्सची, म्हणजे ताठपणाची. शाफ्टवरचा (दांड्यावरचा) ७५ किंवा ८५ हा आकडा म्हणजे शाफ्ट एक इंच वाकवायला लागणारा जोर, पौंडांत. शरीराचं वजन पौंडांत मोजून त्याच्या निम्मा फ्लेक्स घ्यावा, असा जुना ठोकताळा आहे. सोपं करून सांगायचं तर आपलं वजन जितके किलो, जवळपास तितकाच फ्लेक्स. सत्तर किलोच्या खेळाडूने ८५ची स्टिक घेऊन ती दोन इंच कापली की ती नव्वदच्या पुढे जाते. मग शाफ्ट वाकतच नाही आणि शॉटमध्ये जोर येत नाही. आमच्या मते महागड्या पण ताठ स्टिकपेक्षा योग्य फ्लेक्सची मधल्या किमतीची स्टिक केव्हाही चांगली. लांबी आधी ठरवा, फ्लेक्स नंतर: स्केट घालून उभं राहिल्यावर स्टिक हनुवटीपर्यंत यावी, अनवाणी असाल तर नाकापर्यंत.

किक पॉइंट, म्हणजे शाफ्ट जिथे सर्वांत जास्त वाकतो ती जागा, खाली असेल तर स्नॅप शॉट (मनगटाच्या झटक्याचा फटका) चटकन सुटतो; मधोमध असेल तर स्लॅप शॉटला (स्टिक मागे उचलून मारलेल्या फटक्याला) बरा. नवख्यांनी यावर फार डोकं लावू नये.

लाय, म्हणजे शाफ्ट आणि ब्लेडमधला कोन, जुन्या स्टिकवरूनच कळतो. तिच्या ब्लेडच्या खालच्या कडेची टेप बघा. टाचेकडे, म्हणजे शाफ्टजवळच्या बाजूला, झिजली असेल तर लाय कमी हवा किंवा स्टिक आखूड हवी. टोकाकडे झिजली असेल तर उलट. त्यामुळे स्टिक बदलायला येताना जुनी जरूर सोबत आणा.

मधल्या किमतीत सर्वांत आधी थकतं ते ब्लेड. आतला फोम दबत जातो आणि पास घेताना ब्लेड मऊ लागतं. अधूनमधून टेप काढून ब्लेडचं टोक अंगठ्याने दाबा. करकर आवाज आला, किंवा टाचेपाशी बारीक चीर दिसली, तर त्या स्टिकने सामना खेळू नका. वॉरंटी बनावटीतल्या दोषापुरती आणि ठरावीक दिवसांचीच असते, तेव्हा पावती जपून ठेवा आणि पहिली टेप लावण्याआधीच ब्लेड उजेडात धरून तपासा.