प्रथिन-जुळणीचे आभासी दृश्यांकन

प्रथिनांचे रेणू एकमेकांत बसून मोठी रचना कशी उभी करतात, हे डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमधून त्रिमितीत पाहण्याची व हाताळून तपासण्याची पद्धती. एका प्रथिन-साखळीची (अमिनो आम्लांच्या माळेची) घडी पडणे ही निराळी क्रिया; येथे विचार घडी पडलेल्या अनेक साखळ्यांच्या जुळणीचा आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. जीवभौतिकीतज्ज्ञ सायरस लेव्हिंथाल यांनी १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेत संगणकाच्या पडद्यावर रेणूंच्या आकृत्या फिरवून दाखवल्या. काही जण आरंभ तेथून मानतात. संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँड यांचे १९६८ मधील शिरोधारी, म्हणजे डोक्यावर चढवून पाहण्याचे, उपकरण हा दुसरा दावा. त्यात रेणू दिसला, पण तो सायक्लोहेक्झेन या लहान कार्बनी संयुगाचा, प्रथिनाचा नव्हे. तिसरा दावा संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांचा. त्यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९६७ पासून चालवलेल्या ‘ग्रोप’ प्रकल्पात पुढे यांत्रिक बाहूने प्रथिन व औषध यांच्यातील ओढ हाताला जाणवू लागली. पाहणे व हाताळणे येथे एकत्र आले, म्हणून हा दावा अधिक ग्राह्य वाटतो. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रथिन-साखळीला गाठ मारण्याचे काम माउस व टचस्क्रीनपेक्षा आभासी वास्तवात पुष्कळच लवकर झाले.

खानदेशापुरते सर्वांत बोलके उदाहरण केळीवरील हरण्या रोगाचे. तो काकडी मोझॅक विषाणूमुळे होतो व मावा कीड तो पसरवते. रावेर-यावलच्या बागांत तो पानांवरील पिवळ्या पट्ट्यांवरून ओळखतात. विषाणूचे कवच सुमारे २९ नॅनोमीटर व्यासाचे असून एकाच प्रथिनाच्या १८० प्रती त्यात असतात: बारा ठिकाणी पाच-पाच, वीस ठिकाणी सहा-सहा. एकच प्रथिन दोन्ही जागी कसे बसते, हे सपाट चित्रात नीट उमगत नाही. कवचाच्या आत उभे राहिले की सांधे दिसतात. हे कवच मुख्यतः आतील आरएनएच्या (विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या) आधाराने टिकते, त्यामुळे मिठाच्या तीव्र द्रावणात त्याची प्रथिने सुटी होतात.

मात्र दिसते ते सर्व मोजलेले नसते. अणूंची स्थाने क्ष-किरण विवर्तनातून मिळतात, ती पूर्ण झालेल्या रचनेची. मधल्या हालचाली गणिताने भरलेल्या असतात, म्हणून जुळणीच्या क्रमाबाबत हे दृश्य पुरावा धरू नये. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या प्रोटीन डेटा बँक या संग्रहात अणूंच्या स्थानांचे हे निर्देशांक विनामूल्य मिळतात. जळगाव किंवा शिरपूरच्या प्रयोगशाळेतूनही ते उतरवून घेता येतात.