माल उतरवताना मोटार गप्प का होते

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये, एन्कोडर (शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर) नसलेल्या ड्राइव्हवर, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर, क्रेन चालवणाऱ्याला विचारा. माल उचलताना फारसा त्रास नसतो, सावकाश उतरवताना मात्र जीव टांगणीला लागतो. ऐकायला उलटंच वाटतं.

फेरारिस आणि टेस्ला यांनी 1888 मध्ये इंडक्शन मोटार जगापुढे आणली. ब्रश नाहीत, देखभाल कमी. पण वेग लाइनच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला. त्यामुळे वेगाची नाजूक कामं बराच काळ डीसी मोटारीकडेच राहिली. 1970 च्या आसपास जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी करंटचे दोन भाग केले, एक चुंबकत्वासाठी, दुसरा टॉर्कसाठी. हेच व्हेक्टर कंट्रोल. त्यासाठी फ्लक्सची, म्हणजे मोटारीतल्या चुंबकीय प्रवाहाची, दिशा कळायला हवी, म्हणून शाफ्टवर एन्कोडर आला. शेडमधल्या धुळीत आणि तेलात सगळ्यात आधी बिघडतो तोच, नाहीतर त्याची केबल.

तो काढून टाकायचे प्रयत्न 1980 नंतर जोरात सुरू झाले. ताकाहाशी आणि नोगुची यांनी 1986 मध्ये व्होल्टेज-करंटवरूनच फ्लक्स काढून टॉर्क थेट ताब्यात घेतला. डेपेनब्रॉक यांची पद्धतही त्याच सुमाराची. पुढे शॉडर (1992) आणि कुबोटा (1993) यांनी मोटारीचं गणिती मॉडेल शेजारी चालवून, दोन्हींतल्या फरकावरून वेग ओळखला.

पण या सगळ्यांचा आधार बॅक ईएमएफ, म्हणजे फिरत्या मोटारीत तयार होणारं उलटं व्होल्टेज, आणि वेग उतरला की तोही उतरतो. 415 व्होल्टच्या मोटारीला 1 हर्ट्झवर जेमतेम 8 व्होल्ट लागतात. त्यातलं बरंचसं वायंडिंगच्या रेझिस्टन्सवरच खर्ची पडतं, आणि तांबं 20 वरून 100 अंशांवर गेलं की तो रेझिस्टन्स सुमारे 30 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सकाळी बसवलेलं गणित दुपारी चुकतं. ड्राइव्हमधल्या आयजीबीटी या इलेक्ट्रॉनिक स्विचांवर पडणारं व्होल्टेज आणि डेड टाइम, म्हणजे एक स्विच बंद होऊन दुसरा सुरू होईपर्यंतचा क्षण, यांची भर वेगळीच.

खरी मेख शून्य वेगाची नाही, शून्य फ्रिक्वेन्सीची आहे. 1440 आरपीएमच्या चार पोल मोटारीची पूर्ण भाराची स्लिप (फिरतं चुंबकीय क्षेत्र आणि रोटर यांच्या वेगातला फरक) 60 आरपीएम, म्हणजे 2 हर्ट्झ. भार नुसता लटकत ठेवला तरी ड्राइव्ह 2 हर्ट्झ देत असतो. तोच भार 60 आरपीएमने खाली सोडला की स्टेटरची, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागाची, फ्रिक्वेन्सी शून्य होते, मोटारीत चक्क डीसी जातो आणि बॅक ईएमएफ उरतच नाही. कॅटलॉगातलं 'शून्य वेगाला पूर्ण टॉर्क' वाचताना हे ध्यानात ठेवावं.

जान्सेन आणि लोरेन्झ यांनी 1995 मध्ये वेगळी वाट काढली. उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल आत सोडायचा आणि रोटरच्या (फिरत्या भागाच्या) खाचांतल्या मुद्दाम ठेवलेल्या फरकावरून त्याची जागा ओळखायची. आपल्याकडची तीनदा रिवाइंड केलेली मोटार यासाठी कोण बदलणार? होइस्टवर (क्रेनच्या माल उचलणाऱ्या यंत्रणेवर) एन्कोडर अजून टिकून आहे तो त्यामुळेच, केबलच्या कटकटीसकट.