गाईच्या लसिकापेशींत दडलेला विषाणू : ल्युकोसिसच्या शोधाची पार्श्वभूमी

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत गाय पाळण्याची जुनी रीत मुख्यतः दुधासाठी नव्हती. भातखाचरांची नांगरणी आणि शेणखत यांसाठी पोसली जाणारी कोकण कपिला लहान चणीची, पावसाला आणि उकाड्याला टिकणारी, पण दुधाला बेताचीच. दुधाचा धंदा म्हणून गोठे उभे राहिले ते बहुतांशी जर्सी आणि होल्स्टीन फ्रिजियन यांच्या संकरातून. हे वंश युरोपातून आले असल्यामुळे तेथील गोठ्यांच्या रोगांचा इतिहासही आपल्या गोपालकांना उपयोगी पडतो. त्यांपैकी गुरांच्या ल्युकेमिया विषाणूचा, म्हणजे त्यापासून होणाऱ्या ल्युकोसिस या कर्करोगाच्या गाठी निर्माण करणाऱ्या रोगाचा, इतिहास विशेष लांबलेला आहे, कारण त्याचे खरे कार्यक्षेत्र गाठी नसून प्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत, हे समजायला शतकाहून अधिक काळ गेला.

या रोगाची पहिली नोंद १८७१ ची मानली जाते. जर्मन पशुवैद्यक लायसरिंग यांनी एका गाईच्या वाढलेल्या प्लीहेत पिवळसर गाठी पाहिल्या आणि त्यांचे वर्णन केले. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला (१८८६) तेव्हा अजून पंधरा वर्षे होती. पुढे कित्येक दशके हा रोग खाटिकखान्यात आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरच ओळखला जात असे : लसिकाग्रंथी, हृदयाची उजवी कर्णिका, चौथे पोट, गर्भाशय, क्वचित डोळ्यांमागचा भाग येथे गाठी सापडत आणि निदान तेथेच थांबे. एकाच गोठ्यात किंवा एकाच वंशावळीत अशी गुरे वारंवार आढळत असल्याने रोग आनुवंशिक की संसर्गजन्य, हा वाद दीर्घकाळ चालला.

वादाची दिशा बदलली ती रक्तातील पेशी मोजल्यामुळे. विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत ग्योट्झे आणि डेन्मार्कमध्ये बेंडिक्सन यांनी निरोगी दिसणाऱ्या गुरांच्या रक्तातील लसिकापेशींची (प्रतिकारशक्तीचे काम करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) संख्या वयानुसार तपासून कोष्टके तयार केली. वासरांत या पेशी मुळातच अधिक असतात, त्यामुळे वयाचा विचार केल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. गाठींचा मागमूस नसलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या अनेक गाईंमध्ये ही संख्या वर्षानुवर्षे चढी राहते, असे त्यांतून दिसले. या अवस्थेला आज टिकाऊ लिंफोसायटोसिस म्हणतात. डेन्मार्कने १९५० च्या दशकाच्या अखेरीस याच मोजणीच्या आधारे बाधित कळप वेगळे काढण्याचा कार्यक्रम सुरू केला. कारक अजून कोणी पाहिलेला नसताना राबवलेला हा कार्यक्रम मला या इतिहासातील सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

कारक सापडला १९६९ मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात. जॅनिस मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाधित गाईच्या लसिकापेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांना फायटोहिमॅग्लुटिनिन या प्रथिनाने चेतवले. हे प्रथिन राजम्याच्या बियांतून मिळते. दोन-तीन दिवसांत त्या पेशींजवळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसू लागले. गाईच्या ताज्या रक्तात मात्र असे कण दिसत नाहीत. विषाणू शरीरात जवळजवळ मूक असतो आणि पेशी बाहेर काढून चेतवल्या की बोलू लागतो, त्यामुळे तोपर्यंतच्या संशोधकांच्या हाती तो लागला नव्हता. पुढच्याच वर्षी टेमिन आणि बाल्टिमोर यांनी आरएनएवरून डीएनए घडवणारे विकर शोधले आणि या मौनाचे कारणही उलगडू लागले. विषाणू आपल्या आरएनएची डीएनए प्रत करून ती गाईच्या पेशीच्या गुणसूत्रात बसवतो. त्यानंतर ती पेशी विभागली की नव्या पेशीत विषाणूची प्रतही आपोआप जाते, नवीन कण तयार करण्याची गरजच उरत नाही. १९८५ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचा ८,७१४ अक्षरांचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचला. १९८० मध्ये माणसात सापडलेल्या एचटीएलव्ही-१ या विषाणूचा तो जवळचा नातेवाईक आहे, मात्र लसिकापेशींच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एचटीएलव्ही-१ मुख्यतः टी-पेशींत राहतो, तर गुरांचा विषाणू बी-पेशी पकडतो.

बी-पेशींचे काम प्रतिपिंडे तयार करणे हे आहे, आणि नेमक्या याच पेशींना विषाणू आपले घर करतो. पृष्ठभागावर आयजीएम या प्रकारचे प्रतिपिंड बाळगणाऱ्या, त्यातही सीडी-५ हे ओळखचिन्ह ठरणारे प्रथिन असलेल्या बी-पेशी त्याला विशेष मानवतात. विषाणूचे टॅक्स नावाचे प्रथिन विषाणूची आणि पेशीची जनुके चालू करून पेशीला वाढीकडे ढकलते, परंतु तेच प्रथिन प्रतिकारशक्तीच्या नजरेतही भरते, म्हणून टॅक्स उघडपणे बनवणाऱ्या पेशी मारल्या जातात आणि गप्प राहणाऱ्या टिकतात. २०१२ नंतर आणखी एक बाजू पुढे आली : प्रथिने बनवणे थांबले तरी विषाणू सूक्ष्म आरएनए (जनुकांच्या कामावर ताबा ठेवणारे आरएनएचे छोटे तुकडे) मोठ्या प्रमाणात बनवत राहतो, आणि गाठीतील पेशींत अशा सर्व सूक्ष्म आरएनएंपैकी सुमारे ४० टक्के विषाणूचे असल्याचे आढळले. प्रथिन नसल्याने टी-पेशींना पकडण्यासारखे काही उरत नाही, आणि पेशीवरचा ताबा मात्र सुटत नाही.

बाधित गुरांपैकी बहुसंख्य गुरांत बाहेरून काहीच दिसत नाही, सुमारे एक-तृतीयांश गुरांत टिकाऊ लिंफोसायटोसिस होतो आणि पाच टक्क्यांहून कमी गुरांत, तेही सहसा अनेक वर्षांनी, गाठी होतात. याच आकड्यांमुळे अनेक देशांत या रोगाकडे काणाडोळा झाला. पण गाठ नाही म्हणजे नुकसान नाही, हे गृहीतक टिकले नाही. सप्पोरो येथील होक्काइडो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की रोग पुढे सरकतो तशा टी-पेशी थकतात : पीडी-१, लॅग-३ यांसारखे ब्रेकचे काम करणारे रेणू त्यांच्यावर वाढतात आणि इंटरफेरॉन-गॅमासारखे लढाऊ संदेश कमी होतात. काही अभ्यासांत बाधित गुरांचा लसीला मिळणारा प्रतिसादही कमी आढळला आहे, आणि मिशिगन राज्य विद्यापीठाच्या पाहणीत अशा गाई कळपात कमी काळ टिकत असल्याचे दिसले.

महाराष्ट्रातील पशुवैद्यकाला येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. संकरित गाईच्या लसिकाग्रंथी सुजल्या की सर्वप्रथम संशय गोचिडांवाटे येणाऱ्या थायलेरिया या परजीवीवर जावा, कारण तोही पांढऱ्या पेशींत शिरून त्यांना कर्करोगासारखे वाढायला लावतो. फरक एवढा की बुपार्व्हाक्वोन हे औषध देऊन तो परजीवी मारला की पेशी मूळ वळणावर येते, तर ल्युकोसिसच्या विषाणूची प्रत गुणसूत्रातच बसलेली असल्याने ती काढता येत नाही आणि लागण जन्मभराची ठरते.

प्रसाराचा इतिहासही पेशींचाच आहे. टिकाऊ लिंफोसायटोसिस असलेल्या गाईच्या एका मायक्रोलिटर रक्तात दहा हजारांपर्यंत किंवा त्याहून अधिक लसिकापेशी असतात आणि त्यांतील मोठा वाटा बाधित असू शकतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा थेंबही लागणीस पुरतो. सुई, शिंगकळ्या काढण्याची साधने, कानात बिल्ला मारण्याचा चिमटा, गर्भतपासणीचा रक्ताळलेला हातमोजा, चावणाऱ्या गोमाश्या ही माध्यमे त्यातूनच येतात. सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे आहे, जेथे १९८० च्या दशकात गोचीडतापाविरुद्धच्या रक्तापासून बनवलेल्या लसीच्या एका दूषित तुकडीतून हा विषाणू गुरांत पसरला. युरोपातील बहुतेक देशांनी बाधित गुरे काढून टाकून रोग संपवला, ब्रिटन १९९९ मध्ये मुक्त ठरले. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीच्या कायद्यामुळे हा मार्ग सहसा खुला नाही, म्हणून येथे तपासणी, वेगळे बांधणे आणि प्रत्येक गुरासाठी नवी सुई यांवरच भिस्त राहते. कोकणात मृगाआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचण्यासाठी वाडीवाडीतील गुरे एकत्र येतात, तेथे एकाच सुईने सगळ्यांना टोचणे म्हणजे हा धोका ओढवून घेणे होय.

दुधाबद्दल भीतीचे कारण नाही, कारण उकळल्यावर विषाणू टिकत नाही. मानवी स्तनकर्करोगाशी त्याचा संबंध जोडणारे अमेरिकेतील दावे अजून वादग्रस्त आहेत. वासरांच्या बाबतीत मात्र रक्तातील प्रतिपिंडांवर विसंबून चालत नाही. बाधित आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे काही महिने वासराच्या रक्तात राहतात आणि वासरू बाधित नसतानाही प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी होकारार्थी येते, म्हणून सहा महिन्यांच्या आतील वासरांत विषाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते.