ट्वीटर नियंत्रक, बेस गिटार कॅबिनेटमधील

ट्वीटर नियंत्रक : बेस गिटारच्या ध्वनिक्षेपक पेटीतील (कॅबिनेटमधील) ट्वीटरला, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या क्षेपकाला (स्पीकरला), किती विद्युत शक्ती पोचावी हे ठरवणारे फिरते बटण किंवा खटका. ते बहुधा पेटीच्या मागच्या पत्र्यावर, केबलच्या जॅकशेजारी असते. वादक त्याला ‘हॉर्नचा नॉब’ (हॉर्न म्हणजे कर्ण्याच्या आकाराचा ट्वीटर) किंवा नुसते ‘ट्वीटर’ म्हणतात. ॲम्प्लिफायरवरच्या ट्रेबलशी (उंच स्वर कमी-जास्त करणाऱ्या बटणाशी) त्याची नेहमी गल्लत होते. ट्रेबल फिरवला की पेटीतल्या सगळ्या क्षेपकांकडे जाणारा संदेशच बदलतो. हे नियंत्रक फक्त एका क्षेपकापुरते असते.

व्युत्पत्ती व उगम : इंग्रजीत ‘ट्वीट’ म्हणजे पाखराची चिवचिव. त्यावरून बारीक आवाज काढणारा तो ट्वीटर, आणि कुत्र्याच्या भुंकण्यावरून खालचे स्वर वाजवणारा तो वूफर. दोन्ही एकत्र वापरणाऱ्या द्विमार्गी यंत्रणा बोलपटांच्या चित्रगृहांसाठी १९३० च्या दशकातच तयार झाल्या होत्या. बेस गिटारच्या पेटीत मात्र ट्वीटर बराच उशिरा शिरला. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ ची आणि तिच्या जोडीचा बेसमन ॲम्प्लिफायर १९५२ चा. १९६९ मध्ये आलेल्या अँपेग एसव्हीटीच्या पेटीत दहा इंची आठ क्षेपक होते, ट्वीटर एकही नाही. याला उणीव म्हणणे योग्य होणार नाही. चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या तारांतून उंच अधिस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर) फारसे निघतच नसत, तेव्हा ते वाजवायला वेगळा क्षेपक कशाला हवा?

बेसच्या पेटीत ट्वीटर बसवण्याचा पहिला मान कोणाचा यावर एकमत नाही. १९८४ मध्ये स्टीव्ह रेब यांनी स्थापन केलेल्या एसडब्ल्यूआर या अमेरिकी कंपनीच्या ‘गोलायथ’ पेटीला (दहा इंची चार क्षेपक आणि ट्वीटर) बहुतेक लेखक तो देतात. सुरुवातीच्या गोलायथ पेट्या ईडन या कारखान्यात बनल्या, म्हणून श्रेय तिकडेही जावे, असाही एक पक्ष आहे. कोणी पहिला हे ‘ट्वीटरयुक्त बेस पेटी’ची व्याख्या काय धरावी यावर ठरते, कारण सभागृहांतल्या सार्वजनिक ध्वनियंत्रणेत हॉर्न आधीपासूनच होते आणि त्यांतून बेस गिटारही वाजत होती. कारखानदारांच्या या वादापेक्षा वादनातील बदलाकडे बोट दाखवणारे मत अधिक पटते. १९६६ च्या सुमारास ‘द हू’ या बँडचे बेसवादक जॉन एंटविसल यांच्या सहभागाने रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीच्या गोल तारेने गुंडाळलेल्या तारा घडल्या. त्याच दशकात अमेरिकी बेसवादक लॅरी ग्रॅहम यांनी अंगठ्याने तार ठोकण्याची आणि बोटाने खेचून सोडण्याची पद्धत रुळवली. तारेचा हा टणत्कार दहा इंची कागदी शंकूतून नीट बाहेर पडेना. पेटीत ट्वीटर आला तो या गरजेपोटी. तो आल्यावर त्याला आवर घालणारे बटणही लागलेच.

कंप्रतेचा हिशोब : चार तारांच्या बेसवरील सर्वांत खालचा मोकळा स्वर सुमारे ४१ हर्ट्‌झचा, पाच तारांवर सुमारे ३१ हर्ट्‌झचा. सर्वांत पातळ तारेवर चोविसाव्या पडद्याशी (फ्रेटशी) गेले तरी मूळ स्वर सुमारे ३९२ हर्ट्‌झच्या वर जात नाही. ट्वीटरकडे वळवलेला भाग साधारणतः २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या पुढचा असतो. म्हणजे या बटणाने एकही मूळ स्वर कमी-जास्त होत नाही. बदलतात ते अधिस्वर, पडद्यावर आपटणाऱ्या तारेची टकटक, बोट सरकल्याची खरखर आणि ॲम्प्लिफायरचा ‘सीऽऽ’ असा फुसफुसाट. फझ किंवा ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम विकृत करणारी उपकरणे) लावताना ट्वीटर बंद ठेवण्याची प्रथा यातूनच आली; विकृतीचे उंच अधिस्वर कानाला करवतीसारखे लागतात.

रचना : साध्या रचनेत ट्वीटरच्या वाटेत एक धारित्र (कपॅसिटर) असते, ८ ओहमच्या ट्वीटरला ४,००० हर्ट्‌झपासून पुढे वाजवायचे तर सुमारे ५ मायक्रोफॅरडचे. त्यापुढे ‘एल-पॅड’ येतो; आपण फिरवतो तो नॉब याचाच. त्यात एकाच दांड्यावर फिरणारे दोन तारगुंडाळी रोधक (रेझिस्टर) असतात, एक ट्वीटरच्या एकसरीत आणि दुसरा समांतर. आकृतीत ही जोडी रोमन एल अक्षरासारखी दिसते, म्हणून हे नाव. ६ डेसिबलने आवाज उतरवायचा तर एकसरीत ४ ओहम आणि समांतर ८ ओहम पडतात. ट्वीटरला चौथाई शक्ती मिळते, उरलेली रोधकांत उष्णता होऊन जाते आणि पलीकडून पाहिले तर एकूण संरोध (इंपीडन्स) ८ ओहमच राहतो. संरोध बदलला असता तर धारित्राचे गणित बिघडून विभाजनाची कंप्रताच सरकली असती.

दाबविद्युत (पिझो) ट्वीटरला हा नियम लागू पडत नाही. १९७० च्या दशकापासून स्वस्त पेट्यांत शिरलेला हा प्रकार विद्युतदृष्ट्या धारित्रासारखा वागतो. त्याच्यापुढे तीच ४ आणि ८ ओहमची जोडी ठेवली तर आवाज ६ ऐवजी जेमतेम ३.५ डेसिबलने उतरतो. ट्वीटरला समांतर ८ ओहमचा रोधक जोडला की हिशोब पुन्हा जुळतो.

पत्र्यावरील खुणाही फसव्या असतात. ‘०’ म्हणजे शांतता नव्हे, ठरवलेली प्रमाण पातळी. ‘+३’ असे लिहिलेले असले तरी एल-पॅड कशातही भर घालत नाही. तिथे अडवणूक तेवढी कमी होते. काही पेट्यांवर बटणाऐवजी बंद, −६ आणि ० असा तीन टप्प्यांचा खटका असतो.

अनेक पेट्यांत ट्वीटरच्या वाटेत एक छोटा दिवाही बसवलेला असतो. दिव्यातली तार थंड असते तेव्हा तिचा रोध नगण्य असतो. प्रवाह वाढला की तार तापते, रोध वाढतो आणि ट्वीटर वाचतो. जोरात वाजवताना पेटीच्या हवेच्या भोकातून तो पिवळसर लुकलुकताना दिसतो. दिवा गेला की ट्वीटर मुका होतो आणि दोष हटकून ट्वीटरच्या माथी येतो.

ठाणे व नवी मुंबईतील वापर : ठाण्याचे गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह अशा ठिकाणच्या वाद्यवृंदांत बेस गिटार बहुधा डीआय बॉक्समधून (वाद्याचा संदेश मिक्सरला जुळेल असा करणाऱ्या छोट्या डबीतून) थेट मिक्सरला जाते. मागच्या रांगेला ऐकू येणारा बेस पेटीतून आलेलाच नसतो; वादकाने ट्वीटर पूर्ण बंद केला तरी तिथे फरक पडत नाही. पेटीसमोर माइक ठेवला तरच पडतो. साऊंडचेकच्या वेळी ‘बेस जरा शार्प कर’ असा निरोप आला की वादक पाठमोरा वाकून हा नॉब फिरवतो आणि मिक्सरपाशी बसलेल्याला काहीच बदललेले ऐकू येत नाही, हा प्रसंग नित्याचा. गणपतीच्या मंडपात गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे ‘बेस’ म्हणजे सबवूफरचा दणका. ‘बेस वाढवा’ हे नेमके कोणाला सांगितले, हे सांगणाऱ्यालाही विचारावे लागते.

पेटी जमिनीवर, ट्वीटर गुडघ्याच्या उंचीला आणि वादकाचे कान पाच फुटांवर, ही रंगमंचावरची नेहमीची मांडणी. उंच कंप्रता सरळ रेषेत जातात, त्यामुळे वादकाला ट्वीटर कमी वाटतो, तो वाढवतो आणि पहिल्या रांगेला टकटक सोसावी लागते. पेटी मागे कलती ठेवावी, किंवा निदान एकदा तिच्यासमोर उकिडवे बसून पातळी ठरवावी.

घोडबंदर रोड किंवा खारघरच्या सोसायट्यांत घरी सराव करणारे शेजाऱ्यांच्या धाकाने ट्वीटर बंद करतात. भिंती आणि स्लॅब ओलांडतात ते खालचे स्वर, त्यामुळे वरच्या मजल्याची तक्रार तशीच राहते.

देखभाल : खाडीकाठच्या दमट हवेत एल-पॅडचे सरकते संपर्क काळवंडतात आणि नॉब एका ठरावीक जागी आला की खर्रखर्र होते किंवा ट्वीटर तुटक वाजतो. वर्षानुवर्षे एकाच खुणेवर ठेवलेल्या नॉबला हे लवकर होते. ॲम्प्लिफायर बंद करून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवल्यास बहुधा सुधारतो; नाही तर एल-पॅड बदलावा लागतो. नवा घेताना ओहम आणि वॉट दोन्ही जुन्याशी ताडून घ्यावेत.