बीटलच्या मागील चाकाचे सैल बेअरिंग

फोक्सवॅगन बीटल या जर्मन मोटारगाडीच्या मागील चाकात खडखड, हिसका किंवा वेगाबरोबर वाढणारी घरघर जाणवू लागली, की ‘बेअरिंग सैल झाले’ असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात हा दोष बेअरिंगचा, ते दाबून धरणाऱ्या नटचा किंवा ब्रेक ड्रमच्या स्प्लाइनचा, म्हणजे आसावर अडकणाऱ्या त्याच्या आतील दातेरी खाचांचा, असू शकतो. तिन्हींचे उपाय वेगळे असल्याने या दुरुस्तीत हातकामापेक्षा निदान महत्त्वाचे ठरते. बीटलचे उत्पादन ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील प्वेब्ला येथे थांबले, तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. प्रस्तुत विवेचन त्यांपैकी स्विंग ॲक्सलच्या, म्हणजे झुलत्या मागील आसाच्या, गाड्यांना लागू आहे. १९७० मध्ये आलेल्या १३०२ सारख्या प्रतिमानांत मागील आसाला दोन सांधे आणि प्रत्येक चाकाला ग्रीसवर चालणारी दोन बेअरिंगे असल्याने तेथील मांडणी निराळी आहे.

स्विंग ॲक्सलमध्ये प्रत्येक चाकाचा आस एका नळीतून गिअरबॉक्सपर्यंत जातो आणि ही नळी आतल्या टोकाशी वरखाली झुलते. बाहेरच्या टोकाला ६३०६ या प्रमाणित मापाचे, म्हणजे ३० मिमी. आतील व ७२ मिमी. बाहेरील व्यासाचे, एकच बॉल बेअरिंग असते. त्याला ग्रीस भरावे लागत नाही, कारण गिअरबॉक्समधील तेलच नळीतून तेथे पोहोचते. बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला स्पेसर (अंतर राखणारे नळकांडे), तेल उडवणारी चकती आणि त्यापुढे ब्रेक ड्रम असा क्रम असून ३६ मिमी.चा नट ही सगळी चळत बेअरिंगच्या आतील कड्यासह आसाच्या खांद्यावर आवळून धरतो. त्यामुळे नट ढिला पडला की ड्रम, स्पेसर आणि आतले कडे सारेच सैल होते. मात्र नट आवळून बेअरिंगमधला प्ले, म्हणजे झिजेमुळे आलेली मोकळीक, कमी होत नाही. पुढच्या चाकांच्या शंकाकृती रोलर बेअरिंगमध्ये जी जुळवणी करता येते ती मागे नाही; बॉल बेअरिंग झिजले की ते बदलायचेच असते.

तपासणीच्या वेळी गाडी बॉडीखाली जॅक लावून उचलली, तर चाक ओढताना झुलती नळीच हलते आणि फसगत होते. म्हणून नळीच्या टोकाला आधार द्यावा. चाक वरून आणि खालून धरून हलवताना प्ले जाणवला, तर दुसऱ्या व्यक्तीने ब्रेक दाबून धरावा. प्ले नाहीसा झाला, तर दोष ड्रम, नट किंवा बेअरिंगमध्ये आहे. कायम राहिला, तर तो नळी किंवा तिच्या बुशांकडे शोधावा. ड्रम नटच्या सापेक्ष किंचितही फिरत असेल, तर स्प्लाइन झिजली आहे. गाडी निघताना आणि मागे घेताना येणारा ‘ठक’ असा आवाज बहुधा याच दोषाचा असतो. अशा ड्रमवर नट कितीही आवळला तरी तो पुन्हा ढिला होतो. ड्रम बदलावा लागतो आणि आसावरील स्प्लाइनही तपासावी लागते.

नट फिरू नये म्हणून आसाच्या भोकातून घातलेली कॉटर पिन काढल्यानंतर नट चाक जमिनीवर असताना आणि हँडब्रेक लावलेला असतानाच सोडवावा. जॅकवर चढवलेल्या गाडीवर एवढा जोर लावणे धोक्याचे आहे. छिन्नी-हातोड्याने नट फिरवण्याची सवय अनेक गॅरेजांत दिसते, पण त्याने नटच्या कडा बिघडतात आणि तो किती आवळला गेला हे कधीच कळत नाही. ड्रम उतरल्यावर बेअरिंगचे झाकण धरणारे चार बोल्ट काढावेत आणि जुने बेअरिंग पुलरने ओढून घ्यावे. नवे बसवताना त्याच्या दोन्ही कड्यांवर सारखा दाब येईल असा नळीचा तुकडा वापरावा, एकाच कड्यावर ठोकू नये. ६३०६ सर्वत्र सहज मिळते, भारतातल्या साध्या बेअरिंगच्या दुकानातही. मात्र रबरी सील असलेला प्रकार घेऊ नये, कारण त्यामुळे गिअर ऑइलला वाट राहत नाही. शोधून मागवावा लागतो तो तेलसील आणि ओ-रिंगांचा संच. सीलच्या ओठाखाली येणाऱ्या स्पेसरवर चर पडली असेल, तर नवे सीलही गळते. तेलाने भिजलेले ब्रेक शू धुऊन परत वापरणे ही खोटी काटकसर आहे.

नटचा ठरवलेला टॉर्क ३० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे २९४ न्यूटन-मीटर आहे: एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ३० किलो वजन टांगल्याइतका जोर. नटची खाच आसाच्या भोकाशी जुळत नसेल, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळावा, मागे कधीही सोडू नये. पिन नवी घालावी. गिअरबॉक्समध्ये तेल भरणीच्या भोकापर्यंत आले आहे का हे पाहावे आणि काही शे किलोमीटर गाडी चालल्यावर नटचा टॉर्क पुन्हा तपासावा.